हार्डवेअरची खोड, कर्नलची तडजोड

नवी डिस्क जोडली की कर्नल तिला सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारतो: तुझ्या शेवटच्या सेक्टरचा क्रमांक काय? मोजणी शून्यापासून असते. शंभर सेक्टरांच्या डिस्कने ‘नव्याण्णव’ असे उत्तर द्यायला हवे. काही यूएसबी ब्रिज चिप्स मात्र ‘शंभर’ असे सांगतात. प्रश्न शेवटच्या सेक्टरचा, उत्तर एकूण सेक्टरांचे. कर्नल या उत्तरावर विश्वास ठेवतो आणि मुळात नसलेला सेक्टर वाचायला जातो, कारण जीपीटी पार्टिशन टेबलची राखीव प्रत डिस्कच्या अगदी टोकाला असते आणि काही प्रकारच्या रेडची माहितीही तिथेच असते. नीट बनवलेली डिस्क अशा वेळी ‘हा पत्ता माझ्याकडे नाही’ एवढे कळवते. वरच्या चिप्सपैकी काही तिथेच गोठतात आणि केबल काढून पुन्हा लावेपर्यंत हलत नाहीत.

डिस्क धड, केबल धड, कर्नलही धड; फरक फक्त एका अंकाचा. तो दुरुस्त करायचा तर चिपच्या फर्मवेअरमध्ये हात घालावा लागेल, आणि स्वस्त एन्क्लोजरच्या चिपचे फर्मवेअर बदलायला सामान्य ग्राहकाकडे सहसा साधनच नसते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण हार्डवेअरला माणसांपेक्षा जास्त लागू पडते. मग उरतो एकच मार्ग: जो ऐकू शकतो त्याला समजावायचे. कर्नलला सांगायचे की या चिपच्या उत्तरातून एक वजा कर. लिनक्समध्ये हे एका अक्षराने सांगता येते, कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही. ते अक्षर आहे ‘सी’.

इंग्रजीत याला क्वर्क म्हणतात. आपला ‘खोड’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण खोड म्हणजे बिघाड नव्हे. खोड असलेले जनावर काम करते, ओझे वाहते, फक्त एका ठिकाणी अडते, आणि ते कुठे अडते हे माहीत असलेल्या माणसाकडे ते वर्षानुवर्षे टिकते. साठवणुकीच्या हार्डवेअरमधल्या अशा खोडींची नोंद कर्नलच्या स्रोतसंहितेत मोठमोठ्या तक्त्यांमध्ये आहे. यूएसबीसाठी एक फाइल, साटासाठी एक, स्कझीसाठी एक, एनव्हीएमईसाठी आणखी एक. या लेखाचा प्रश्न त्या तक्त्यांच्या पुढचा आहे. आपल्या हातातली वस्तू तक्त्यात नसेल तर काय? वस्तू ज्याच्याकडे आहे त्याला कर्नलशी बोलायची मुभा कितपत आहे? माझे मत आधीच सांगतो. ही मुभा असणे हा वापरणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो कुठे उदारपणे दिला गेला आहे, कुठे फार उशिरा आणि अपुरा.

पुन्हा कर्नल बांधणे हा उपाय कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात आज बहुतेक जण वितरकाने बांधून सही केलेला कर्नल वापरतात. सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतः बांधलेला कर्नल स्वतःच्या चावीने सही करून, ती चावी यंत्रात नोंदवल्याशिवाय सुरूच होत नाही. सुरू झाला तरी दर सुरक्षा-अद्ययावतीला तोच खटाटोप पुन्हा. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी आयुष्यभराची देखभाल गळ्यात पडते. शाळेच्या प्रयोगशाळेत जुन्या डिस्कवर चालणारा सर्व्हर सांभाळणाऱ्या शिक्षकाला हे सांगून बघा.

एकेकाळी मात्र दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच. १९९५ च्या आसपास पेंटियमच्या मदरबोर्डांवर सीएमडी-६४० आणि आरझेड-१००० या दोन आयडीई नियंत्रक चिप्स सर्रास असत. पहिलीच्या दोन वाहिन्या एकाच वेळी सुरक्षित चालत नसत. दुसरीची आगाऊ वाचनाची सोय डेटा बिघडवत असे. कुठलीही तक्रार न करता फाइलीतले बाइट बदलत. लिनक्सने यावर उतारा दिला, पण तो कर्नल बांधतानाच्या प्रश्नावलीत होता: या चिपच्या दोषाचा बंदोबस्त हवा का, हो की नाही? त्या काळी कर्नल स्वतः बांधणे ही लिनक्स वापरणाऱ्याची सवयच होती, म्हणून हे चालून गेले. पुढे बूटच्या ओळीत डीएमए बंद करण्यासारखे आयडीईचे पर्याय आले आणि ते दीर्घकाळ टिकले. ती सगळी जुनी आयडीई यंत्रणाच २०२१ मध्ये कर्नलमधून काढून टाकली गेली.

मधल्या काळातले एक उदाहरण मला फार बोलके वाटते. सिलिकॉन इमेजची ३११२ ही साटा चिप आणि सीगेटच्या काही डिस्क यांचे जमत नसे; विशिष्ट लांबीचे लेखन आले की जोडी अडकायची. उपाय असा की एका वेळी १५ पेक्षा जास्त सेक्टर पाठवायचे नाहीत, म्हणजे साडेसात किलोबाइट. ज्ञात जोड्यांची यादी ड्रायव्हरमध्ये होती. शिवाय यादीत नसलेल्यांसाठी ‘स्लो डाउन’ नावाचे मॉड्यूल पॅरामीटर ठेवले होते, आणि त्याच्या वर्णनात लेखकाने स्वतःच त्याला घण म्हटले आहे. घण म्हणजे घणच: वेग पार बसतो, पण डेटा वाचतो. ज्याने हे पॅरामीटर ठेवले त्याने एक गोष्ट मान्य केली होती की आपली यादी कधीच पूर्ण होणार नाही. हा विचार मला त्या चिपच्या दुरुस्तीपेक्षाही मोलाचा वाटतो.

तो विचार सर्वांत नीट रुजला यूएसबीमध्ये. २००८ ते २००९ या काळात यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरला ‘क्वर्क्स’ हे पॅरामीटर मिळाले. रचना अगदी सुटसुटीत: उत्पादकाचा चार अंकी हेक्स क्रमांक, अपूर्णविराम (:), वस्तूचा चार अंकी क्रमांक, पुन्हा अपूर्णविराम, आणि मग खोडीची अक्षरे. एकापेक्षा जास्त वस्तू असतील तर स्वल्पविराम. दोन्ही क्रमांक ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दाखवते. अक्षरे वीसच्या वर आहेत आणि प्रत्येकामागे कुठल्यातरी खऱ्या वस्तूने कुणाला तरी दिलेला त्रास आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे लेखनबंदी आहे का ते विचारू नकोस, कारण तो प्रश्न ऐकूनच काही पेनड्राइव्ह बिथरतात. ‘आर’ म्हणजे ‘किती बाइट उरले’ या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. ‘एम’ म्हणजे एका फेरीत ६४ सेक्टर, ३२ किलोबाइट, त्याहून जास्त नको. ‘जी’ म्हणजे २४०. ‘एस’ म्हणजे एकच उपकरण आहे असे धर, वस्तू कितीही सांगो. आणि ‘यू’.

‘यू’वर थांबायला हवे, कारण गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त हात त्याकडेच वळले आहेत. यूएसबीवरून डिस्क चालवायच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत एक आज्ञा पाठवायची, ती पूर्ण होईपर्यंत थांबायचे, मग दुसरी. नव्या यूएएस रीतीत अनेक आज्ञा एकदम रांगेत लावता येतात, त्यामुळे एसएसडीचा खरा वेग दिसतो. लिनक्समधला यूएएस ड्रायव्हर २०१० मध्ये आला, काही काळ मोडका म्हणून बाजूला राहिला आणि २०१४ मध्ये पुन्हा उभा राहिला. तो उभा राहताच कळले की ‘यूएएस चालते’ असे सांगणाऱ्या कितीतरी चिप्सना ते नीट येत नाही. ताण वाढला की आज्ञा हरवतात, ड्रायव्हर रीसेट देतो, फाइल सिस्टीम केवळ-वाचनावर जाते. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ आला. त्यात यूएसबी ३ होते, त्यामुळे मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावायची लाट आली आणि हा त्रास घरोघरी पोहोचला. जेमायक्रॉनची १५२डी:०५७८ ही जोडी तेव्हापासून अनेकांना पाठ आहे.

उपाय: ती जोडी, पुढे ‘यू’, आणि ही सगळी अक्षरे बूटच्या ओळीत. पायवर ती ओळ ‘सीएमडीलाइन’ नावाच्या फाइलीत असते आणि ती एकच ओळ राहिली पाहिजे. नव्या ओळीवर लिहिलेले वाचले जात नाही. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली, त्यामुळे जुन्या जागी बदल करून ‘काहीच झाले नाही’ म्हणणारे बरेच आहेत. बदल लागू झाला की नाही हे कर्नलच्या नोंदीत दिसते. त्या वस्तूसाठी क्वर्क जुळल्याची ओळ येते, आणि ‘यू’ लागू झाले असेल तर यूएएस दुर्लक्षित करून जुना ड्रायव्हर वापरत असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. ती ओळ दिसली नाही तर उपाय फसला असे म्हणू नका. तो अजून लागूच झालेला नाही.

इथे एक चुकीचा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे: यूएएस मॉड्यूलच काळ्या यादीत टाका. कर्नल यूएएससह बांधलेला असेल तर जुना ड्रायव्हर अशी वस्तू दिसली की ‘ही यूएएसची आहे’ म्हणून हात काढून घेतो. यूएएस तर आपण बंद केलेला. डिस्क दोघांचीही राहत नाही आणि यादीतून नाहीशी होते. त्या डिस्कवरूनच यंत्र सुरू होत असेल तर पुढचा सगळा दिवस गेला. शिवाय हा सल्ला चालला असता तरी एका खोडकर वस्तूपायी चांगल्या वस्तूंचाही वेग गेला असता. ‘यू’ फक्त त्या जोडीपुरते बोलते, आणि तोच त्याचा मोठेपणा आहे.

अर्थात ‘त्या जोडीपुरते’ हेही पूर्ण खरे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन पाच वेगळ्या नावांची एन्क्लोजर घेतली तरी आत एकच ब्रिज चिप आणि तिचा कारखान्यातलाच क्रमांक निघू शकतो. फर्मवेअर मात्र वेगवेगळे. एकाला ‘यू’ लावले की दुसऱ्यालाही लागते, त्याची चूक असो वा नसो. कर्नलच्या आतल्या तक्त्यात फर्मवेअर-आवृत्तीची खालची-वरची मर्यादा देता येते; बाहेरून देण्याच्या पॅरामीटरमध्ये ती सोय नाही. फ्रीबीएसडीने इथे बाजी मारली आहे, त्याकडे पुढे येतो.

या पॅरामीटरची आणखी एक बाजू फार कमी लोकांना माहीत आहे. आपण दिलेली अक्षरे आतल्या तक्त्यातल्या अक्षरांत मिळवली जात नाहीत, त्यांच्या जागी बसतात. कर्नलने एखाद्या वस्तूला आधीच दोन खोडी लावल्या असतील आणि आपण तिसरी द्यायला गेलो, तर पहिल्या दोन पुसल्या जातात. म्हणून आधी नोंदींमध्ये काय जुळले आहे ते बघून जुनी अक्षरेही पुन्हा लिहावीत. हाच स्वभाव उलट्या बाजूने उपयोगी पडतो. सीगेटच्या यूएसबी डिस्कना यूएएसमध्ये ‘टी’ ही खोड सरसकट लावलेली आहे, म्हणजे एटीए आज्ञा आरपार पाठवायच्या नाहीत, कारण त्यांच्या एन्क्लोजरना त्या झेपत नसल्याचा अनुभव होता. याचा परिणाम असा की डिस्कच्या प्रकृतीचा स्मार्ट अहवालच वाचता येत नाही. आपल्याकडच्या डिस्कला त्या आज्ञा झेपतात अशी खात्री असेल तर जोडी लिहून पुढची जागा रिकामी सोडायची, खोड उठते. कुलूप लावायची आणि काढायची किल्ली एकच, आणि ती वापरणाऱ्याच्या हातात. हे डिझाइन मला मनापासून आवडते. जागा मात्र तोकडी आहे: सगळी यादी १२८ अक्षरांत बसवावी लागते, म्हणजे जेमतेम दहा वस्तू.

आरडाओरडा करणाऱ्या खोडींबद्दल एवढे लिहिले, पण मला जास्त भीती गप्प खोडींची वाटते. काही ब्रिज स्वतःकडे लेखन-कॅश असल्याचे सांगतच नाहीत. मग कर्नल ‘कॅशमधले पक्के उतरव’ ही आज्ञा पाठवत नाही आणि वीज गेली की शेवटचे काही सेकंद गायब होतात. नोंदींमध्ये एकही चूक नाही. त्यासाठी ‘पी’ आहे, कॅश आहे असे गृहीत धर. आणि ‘वाय’ आहे, काहीही असो, पक्के उतरवण्याची आज्ञा पाठवच. स्थैर्यासाठी ‘यू’ शोधणाऱ्यांनी डेटाबेस यूएसबी डिस्कवर ठेवण्याआधी ही दोन अक्षरेही वाचावीत.

साटाच्या बाजूला, यूएसबीच्या ‘क्वर्क्स’च्याच सुमारास, कर्नल-विकासक तेजुन हिओ यांनी ‘लिबएटीए डॉट फोर्स’ हे पॅरामीटर आणले. त्याची ताकद मोठी आहे. दुव्याचा वेग दीड किंवा तीन गिगाबिटवर रोखता येतो, आज्ञांची रांग म्हणजे एनसीक्यू बंद करता येते, फक्त रांगेतून जाणारे ट्रिम (मोकळ्या झालेल्या जागेची डिस्कला दिलेली सूचना) बंद करता येते, दुव्याची वीजबचत थांबवता येते, रीसेटची पद्धत बदलता येते, एखादे पोर्ट पूर्ण मिटवता येते. २०२२ मध्ये ही यादी बरीच वाढवली गेली. त्रुटी आहे ती पत्त्यात. यूएसबीत वस्तूचा क्रमांक सांगायचा, इथे पोर्टचा. एटीए-३ वरच्या डिस्कसाठी एनसीक्यू बंद, असे. उद्या यंत्रात नवे कार्ड घातले की पोर्टांचे क्रमांक सरकू शकतात, आणि आजारी डिस्कचे औषध शेजारच्या धडधाकट डिस्कला मिळते. क्रमांक न देता लिहिले तर सगळ्यांनाच मिळते. डिस्कच्या मॉडेलच्या नावाने सांगायची सोय आतल्या तक्त्याला आहे, बाहेरच्या माणसाला नाही. त्या तक्त्यात खोडीसाठी ‘हॉर्केज’ असा एक घडवलेला शब्द इतकी वर्षे होता. २०२४ मध्ये तो बदलून तिथेही क्वर्क आले.

याच तक्त्याशी जोडलेली एक हकिकत सांगितल्याशिवाय आढावा पूर्ण होणार नाही. २०१५ मध्ये अल्गोलिया या शोधसेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरांवर फाइलींतले काही तुकडे शून्यांनी भरलेले आढळू लागले. बराच तपास करून त्यांनी सॅमसंगच्या एसएसडींकडे आणि ट्रिमकडे बोट दाखवले, आणि जगभर त्या डिस्कवर शिक्का बसला. त्याच सुमारास सॅमसंगच्या ८०० मालिकेतल्या डिस्कना रांगेतले ट्रिम नीट जमत नसल्याची नोंद कर्नलच्या तक्त्यात होतीच, म्हणून लोकांना दोन्ही गोष्टी एकच वाटल्या. काही आठवड्यांत सॅमसंगच्याच अभियंत्यांनी मूळ शोधले: त्या घटनेतला दोष लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये होता, मोठी ट्रिम-विनंती अनेक डिस्कवर वाटताना तिची विभागणी चुकत होती. त्यांनी दुरुस्तीही दिली. म्हणजे डिस्कला एक खोड खरोखर होती, पण या गुन्ह्यात ती निर्दोष होती. वाईट नाव असलेल्या वस्तूवर नवा आरोप चटकन चिकटतो. पॅरामीटर लावल्यावर त्रास थांबला यावरून दोषी कोण हे ठरत नाही, एवढे भान ठेवायला हवे. पुढे २०२१ मध्ये सॅमसंगच्या ८६० आणि ८७० मालिकांचे जुन्या एटीआय चिपसेटांशी एनसीक्यूत जमत नाही असे दिसले, तेव्हा तक्त्यात फक्त त्या जोडीपुरती बंदी घातली गेली. दोष एकट्याचा नसून जोडीचा असतो हे तिथे नीट ओळखले गेले.

साटाच्या बाबतीत आणखी एक व्यवहारी गोष्ट. बूटच्या ओळीला हात लावण्याआधी चालू यंत्रावरच प्रयोग करता येतो. सिसएफएसमध्ये डिस्कची रांग-खोली १ केली की एनसीक्यू परिणामी बंद होते. दुव्याचे वीज-धोरण ‘पूर्ण कार्यक्षमता’ केले की वीजबचतीचा संशय तपासता येतो. काही दिवस शांत गेले तरच ते कायम करावे. आणि त्याही आधी स्मार्ट अहवालातला १९९ क्रमांक पाहावा. तो सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल तर संशयित केबल आहे, डिस्क नव्हे. दीडशे रुपयांच्या केबलसाठी कर्नलला बोल लावण्यात अर्थ नाही. यूएसबीतही तसेच: पायच्या पोर्टला फिरती हार्ड डिस्क थेट लावून वीज अपुरी पडत असेल तर अक्षरांची कुठलीही माळ कामी येणार नाही.

थोडे कालमर्यादेविषयी, कारण तिथली खोड खरे तर खोडही नाही, दोन शहाण्यांचा विसंवाद आहे. खराब सेक्टर वाचताना घरगुती डिस्क दोन-दोन मिनिटे हट्टाने प्रयत्न करत राहू शकते. कर्नल ३० सेकंद थांबतो आणि मग डिस्कला रीसेट देतो. रेडमधून डिस्क बाहेर फेकली जाते. डिस्कला ७ सेकंदांत हार मानायला सांगता येत असेल तर ‘स्मार्टसीटीएल’ने तसे सांगावे. तिला ते येत नसेल तर सिसएफएसमधली कर्नलची मर्यादा १८० सेकंदांपर्यंत वाढवावी, आणि यूडेव्हच्या नियमात लिहून ठेवावी, नाहीतर पुढच्या बूटला ती पुसली जाईल. घरी रेड लावणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशी करायला हवे.

स्कझीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तिथे उत्पादकाचे आठ आणि मॉडेलचे सोळा अक्षरांचे नाव देऊन खोडी जोडता येतात, बूटच्या ओळीतून किंवा प्रॉकमधल्या एका फाइलीत लिहून. सोय जुनी आणि भक्कम आहे, पण खोडी आकड्यांत लिहायच्या असल्याने स्रोतसंहिता उघडल्याशिवाय कुणाला काही कळत नाही.

आता एनव्हीएमई. इथे माझी तक्रार आहे. २०१७ मध्ये ४.११ या कर्नलपासून डिस्क रिकामी असताना आपोआप खोल झोपेत जाण्याची सोय चालू झाली. लॅपटॉपची बॅटरी वाचू लागली आणि काही डिस्क झोपेतून उठेनाशा झाल्या. डेलच्या काही लॅपटॉपांतल्या सॅमसंगच्या डिस्कना सर्वांत खोल झोप वर्ज्य करावी लागली, तीही त्या लॅपटॉपात असतानाच. तीच डिस्क दुसरीकडे ठीक. यादीत नसलेल्यांसाठी एक पॅरामीटर आहे: झोपेतून उठायला जास्तीत जास्त किती मायक्रोसेकंद चालतील. मूळ मूल्य १,००,०००. शून्य दिले की झोप बंद. उपाय चोख आहे, पण लिहिला जातो तो सगळ्या एनव्हीएमई डिस्कना मिळून. दोन डिस्क असतील तर एकीच्या जागरणाची शिक्षा दुसरीलाही.

खरी कसोटी २०२२ मध्ये लागली. प्रत्येक एनव्हीएमई डिस्कच्या नेमस्पेसला जगात एकमेव असा ओळख-क्रमांक असायला हवा, असे मानक सांगते. कर्नलने हे तपासायला सुरुवात केली. स्वस्त डिस्क बनवणाऱ्या कितीतरी कारखान्यांनी सगळ्या डिस्कना एकच क्रमांक दिला होता. एका यंत्रात तशा दोन डिस्क असतील तर अद्ययावतीनंतर दुसरी डिस्क नाहीशी. काल चालत होती, आज नाही. आणि वापरणाऱ्याच्या हातात कुठलेही अक्षर नव्हते. वस्तूचा क्रमांक कळवायचा, विकासकांनी तक्त्यात ओळ घालायची, ती स्थिर कर्नलमध्ये आणि मग वितरणात उतरेपर्यंत वाट पाहायची, किंवा स्वतः कर्नल बांधायचा. महिनोन्‌महिने तक्त्यात अशा ओळी येत राहिल्या. शेवटी २०२३ मध्ये धोरण सैल केले गेले: साध्या एक-पोर्टी पीसीआयई डिस्कच्या बाबतीत इशारा द्यायचा आणि डिस्क चालू द्यायची. तपासणी चुकीची नव्हती; डुप्लिकेट क्रमांकामुळे भलत्या डिस्कवर लिहिले जाण्याचा धोका खराच आहे. चूक एवढीच की यूएसबीवाल्यांनी तेरा-चौदा वर्षे आधीच दिलेली किल्ली इथे कुणी बनवून ठेवली नव्हती. कठोर तपासणी आणायची तर तिच्यासोबत, त्याच दिवशी, वस्तूपुरती सूट द्यायची सोयही यायला हवी.

लिनक्सबाहेर नजर टाकली तर फ्रीबीएसडी सर्वांत समजूतदार वाटतो. तिथे यूएसबी खोडी अक्षरांनी नाही, पूर्ण शब्दांनी लिहितात, आणि वस्तूच्या क्रमांकासोबत फर्मवेअर-आवृत्तीची कक्षाही देता येते. चालू यंत्रावर ‘यूएसबीकॉन्फिग’ने खोड जोडता आणि काढता येते, लोडरच्या फाइलीत लिहिली की कायम. साटा डिस्कसाठी मात्र तिथेही डिस्कच्या युनिट-क्रमांकाने आकडा द्यावा लागतो. २०१० च्या आसपास वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्क आत ४ किलोबाइटचे सेक्टर असून बाहेर ५१२ बाइट सांगत. झेडएफएस ही फाइल सिस्टीम त्यावर विश्वास ठेवून आपला डिस्क-संच (पूल) रची आणि लेखनाचा वेग कोसळे. ‘ही ४ के आहे’ असे सांगणारी खोड तेव्हा कितीतरी लोकांनी हाताने लावली. इल्युमॉसमध्ये तेच काम ‘एसडी डॉट कॉन्फ’ फाइलीत होते. तिथे उत्पादकाचे नाव आठ अक्षरांपर्यंत मोकळ्या जागांनी भरावे लागते, एक जागा कमी पडली तरी ओळ निरुपयोगी. विंडोजकडे रजिस्ट्री आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली, तिने वेस्टर्न डिजिटलच्या काही एनव्हीएमई डिस्कना संगणकाच्या मेमरीतले २०० मेगाबाइट देऊ केले आणि निळे पडदे सुरू झाले. कंपनीचे नवे फर्मवेअर येईपर्यंत रजिस्ट्रीतला एक आकडा बदलून लोकांनी काम भागवले. लिनक्समध्ये हीच मर्यादा एनव्हीएमई ड्रायव्हरच्या पॅरामीटरने घालता येते.

हे सगळे करताना सर्वाधिक वेळ जातो तो एका बारीक गोष्टीत: लिहिलेले वाचले कधी जाते? ड्रायव्हर मॉड्यूल असेल तर मॉडप्रोबच्या फोल्डरात लिहिता येते. पण मूळ डिस्कचा, म्हणजे यंत्र जिच्यावरून सुरू होते तिचा, ड्रायव्हर इनिटरॅमएफएस या सुरुवातीच्या फाइल-संचातून लोड होतो, आणि त्यात त्या फोल्डराची जुनी प्रत असते. इनिटरॅमएफएस पुन्हा तयार केल्याशिवाय बदल पोहोचत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल तर मॉडप्रोबचे फोल्डर बघितलेच जात नाही. बूटची ओळ हाच एक मार्ग. शंका असेल तर बूटच्या ओळीतच लिहावे, तिथले दोन्ही परिस्थितींत लागू होते. यूएसबीच्या बाबतीत सिसएफएसमधल्या पॅरामीटरच्या फाइलीत थेट लिहून, डिस्क काढून पुन्हा लावली तरी पुरते, फक्त ती मूळ डिस्क नसावी. काय लागू आहे तेही त्याच फाइलीत वाचता येते.

आणि लिहाल तिथे तारीख, कर्नलची आवृत्ती आणि कारण नोंदवा. बूटच्या ओळीत टिप्पणी लिहिता येत नाही, म्हणून ती वेगळ्या फाइलीत ठेवा. तीन वर्षांनी डिस्क बदललेली असते, खोडीची ओळ तशीच असते, आणि नव्या चांगल्या एन्क्लोजरचा वेग का मिळत नाही हे कुणालाच कळत नाही.

अलीकडच्या कर्नलमध्ये एनव्हीएमई डिस्क अचानक गप्प झाली तर ड्रायव्हर नोंदीत स्वतःच विचारतो, वीजबचतीत काही दोष आहे का, आणि कोणते पॅरामीटर लावून पाहावे तेही सांगतो. ते वाक्य तिथे संपत नाही. पुढे लिहिलेले असते: आणि दोष कळवा. लोक पॅरामीटर उतरवून घेतात आणि पुढचे शब्द सोडून देतात. कर्नलच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी कळवले म्हणून आहे. तुमचा उपाय लागू पडला असेल तर वस्तूचा क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती आणि आधीच्या-नंतरच्या नोंदी एवढे चार तपशील त्या ड्रायव्हरच्या विकासकांना किंवा तुमच्या वितरकाला पाठवा. तीच डिस्क घेणाऱ्या पुढच्या माणसाला मग हे अक्षर शोधावे लागणार नाही.